कौलं कोणी परतायची?

माई, अहो माई! ती कळशी ठेवा खाली आणि या बघू गडग्याजवळ. तिथे नको, तिथला चिरा हलतोय. परवा बोका उडी मारून गेला तर ओंजळभर माती खाली आली. इकडे, जास्वंदीपाशी. हं. हे घ्या आधी. उंडे आहेत, गोव्याचे पाव. काल संध्याकाळी गरम होते हो, आता काय सांगणार.

दिवसभर कुलूप बघून वाटलं असेल ना, बाई रुसून कोल्हापूरला माहेरी गेली म्हणून? साठी उलटल्यावर कसलं रुसणं आणि कसलं माहेर! जुन्या गोव्याला गेलो होतो. आमच्या ह्यांचा भाचा आलाय ना पुण्याहून, नवी गाडी घेऊन. तुम्ही बघितलीतच म्हणा, येताना तुमच्याच गडग्याला घासली ती. गडग्याला काही झालं नाही. गाडीचं मात्र दार खरवडलं आणि तेव्हापासून तो रोज सकाळी उठून त्या ओरखड्यावर बोट फिरवतो, देवाला गंध लावल्यासारखं.

त्या गाडीचं छप्पर उघडतं, माई. बटण दाबलं की आपोआप. मला चार वेळा उघडून दाखवलं. मी म्हटलं, बाबा रे, मिरग तोंडावर आलाय, सगळी सावंतवाडी आपापलं छप्पर झाकायच्या मागे लागलीय आणि तू उघडून काय दाखवतोस! पण भाचेसुनेला हौस. बांदा येईपर्यंत ती डोकं बाहेर काढून उभी. बांद्याला पोरं बघायला लागली तेव्हा बसली.

निघालो सहाला. म्हणजे ठरलं होतं सहाला, निघालो साडेसातला. ह्यांनी डबा बांधायला लावला, भाकरी, चवळीची उसळ आणि कैरीचं लोणचं. भाचा म्हणतो, मामा, गोव्यात जेवायला मिळतं. हे म्हणाले, मिळतं, पण बिल पण मिळतं. पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी दोन मिनिटं उतरलो, हे दरवेळी उतरतातच तिथे, आणि पुढे पहिल्या पंपावर टाकी भरली. ते आपल्याकडच्या कुणाला शिकवावं लागत नाही. म्हापसा, पर्वरी, मांडवीवरचा तो उंच पूल, खाली कॅसिनोच्या बोटी दिवसाढवळ्या दिवे लावून उभ्या. पणजीतून रायबंदरचा बांध लागला तेव्हा ह्यांनी मागून सांगायला सुरुवात केली, हा रस्ता १६३४ सालचा, पाणथळीतून तीनएक किलोमीटर बांधून काढलाय. भाच्याने गाण्याचा आवाज वाढवला. मी कमी केला. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला मी, पण घरात मास्तरकी ह्यांचीच.

तर जुनं गोवं. तिथे सगळं जग कुठे जातं? बॉम जेझू. झेवियरसाहेबाच्या दर्शनाला. बसगाड्या, टोप्या, शहाळी, नुसती जत्रा. मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल, आणि परत बस. भाचा नि भाचेसून त्याच गर्दीत फोटो काढत राहिली. हे मला म्हणाले, चल, तुला एक पडकं घर दाखवतो. मी म्हटलं, पडकं घर बघायला साठ-पासष्ट किलोमीटर कशाला? आपल्या शेजारी काय कमी आहे?

हो, तेच म्हणतेय मी, तुमच्या पलीकडचं. येते त्याच्यावर, थांबा.

पश्चिमेला चढाव आहे. त्याला मोंते सांतो म्हणतात, पवित्र डोंगर. डोंगर कसला, आपल्या नरेंद्र डोंगरापुढे नातू वाटेल. पण दहाचं ऊन आणि ह्यांचा गुडघा. तीन वेळा बसत बसत वर गेलो. आणि वळणावर एकदम मनोरा. माई, पोट ढवळलं माझं. ४६ मीटर उंच आणि अर्धाच. फणस उभा चिरल्यावर आतले गरे, चारखंडं, पाव सगळं उघडं पडतं ना, तसं त्या मनोऱ्याचं पोट उघडं. एकावर एक कमानी, आणि प्रत्येक कमानीतून आभाळ. असे चार मनोरे होते म्हणे. उरला हा एक, तोही अर्धा. आणि सगळा चिऱ्याचा! तुमचं घर ज्याचं, माझं ज्याचं, हा गडगा ज्याचा, त्याच तांबड्या भोकाभोकाच्या जांभ्याचा.

मठ तो. ऑगस्टिनियन म्हणून साधू होते ख्रिस्ती लोकांत, त्यांचा. ते १५७२ ला गोव्यात आले. १५९७ ला हे चर्च बांधायला घेतलं आणि १६०२ ला पुरं केलं. चर्च, बाजूला मठ, राहायच्या खोल्या, जेवणघर, आजाऱ्यांची खोली. भल्या मोठ्या वाड्याचं जोतं उघडं पडावं तसं ते सगळं आता कमरेएवढं दिसतं. हे तर भिंतीभिंतीतून हिंडत होते, इथे माजघर, इथे पडवी, इथे न्हाणी. एका बाईने विचारलंन त्यांना, तुम्ही गाइड का? हे खूश. मग त्या बाईलाही माजघर दाखवलं.

जमिनीवर सगळी थडगी. म्हणजे फरशीच थडग्यांची. वर नावं, ढाली, कवट्या, आडवीतिडवी हाडं कोरलेली. मला पाय टाकवेना. चपला काढल्या तर फरशी तापलेली. मग काय, मेलेल्यांची क्षमा मागत टाचांवर नाचत गेले. एका कोपऱ्यात भिंतीला निळ्या-पिवळ्या पोर्तुगीज फरश्यांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. वर आभाळ, खाली शेवाळ सुकलेलं, आणि मधे हा वीतभर निळा तुकडा, कालच पुसून ठेवल्यासारखा.

मगे काय म्हणता! सांगते, पडलं कसं. हेच तर सांगायला हाक मारली तुम्हांला.

मला वाटलं होतं कुणी तोफा डागल्या असतील. नाहीतर भूकंप, वीज, काहीतरी. काही नाही, माई. कुलूप लागलं, बस. त्या शहरात आधीच साथी यायच्या, ताप, पटकी. लोक हळूहळू पणजीकडे सरकलेले. राजधानीसुद्धा शेवटी १८४३ ला कागदोपत्री पणजीला गेली. पण त्याआधी १८३५ ला सरकारने सगळे मठ बंद केले. सरकार कुणाचं? पोर्तुगीजांचंच, त्यांच्याच धर्माचं. तिकडे पोर्तुगालात राज्य बदललं, नव्या लोकांना साधू नकोसे झाले, इकडे गोव्यात साधूंना बाहेर काढलं आणि मालमत्ता सरकारजमा. साधू गेले. आता सांगा, कौलं कोणी परतायची?

कौलं नसतील, घुमटी छत होतं दगडी, पण अर्थ तोच. जांभा काय असतो तुम्हांला मी काय सांगू, तुमच्या सासऱ्यांची चिरेखाण होती. खाणीतून काढला की मऊ, सुरी फिरवावी तसा कापतात, वारा लागला की कडक होतो. पण पाणी पितो. म्हणून तर वरून चुन्याचा गिलावा. गिलावा सुटला की भिंत पाणी प्यायला लागते, मग भेगेत पिंपळ रुजतो, आणि पिंपळ एकदा आत शिरला की शेजाऱ्याला सांगायची सोय नाही. उपटला तर भिंत पडते, ठेवला तरी पडते.

१८३५ ला कुलूप, आणि १८४२ ला छत कोसळलं. सात पावसाळे. दोनशे तेहेतीस वर्षं उभी असलेली वास्तू सात पावसाळ्यांत बसली. हे तिथेच चिऱ्यावर टेकून वहीत वजाबाकी करत होते. मला म्हणाले, बघ, सातच.

आणि गंमत ऐका. घंटा मात्र आदल्या वर्षी उतरवून नेली होती. १८४१ ला. भली मोठी घंटा, आधी आग्वादच्या किल्ल्यावर ठेवली, मग १८७१ ला पणजीच्या चर्चवर चढवली. ते पांढरंशुभ्र, पायऱ्या-पायऱ्यांचं चर्च आहे ना पणजीत, प्रत्येक सिनेमात असतं, त्यावरची घंटा ती. अजून वाजते. म्हणजे छताकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती, घंटा काढायला मात्र माणसं मिळाली. मला तर तिथेच हसू आलं. म्हटलं, अगदी आपल्या पलीकडच्यांसारखं! घराकडे फिरकत नाहीत, पण फणस काढायला तिघे भाऊ तीन गाड्या घेऊन मुंबईहून हजर.

हळू बोलतेय हो. नाही कुणी ऐकत, कुलूपच आहे तिथे.

पण खोटं आहे का? थोरला म्हणतो, मधल्याने खर्च करावा, तो शेवटपर्यंत राहिला त्या घरात. मधला म्हणतो, धाकट्याचा हिस्सा रस्त्याकडचा, त्याने करावा. धाकटा फोन उचलत नाही. गेल्या मिरगात मागीलदारची भिंत बसली तेव्हा आपण दोघींनी फोटो काढून पाठवले होते, आठवतं? थोरल्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! कोनवासा वाकलाय, दोन ठिकाणी रिपा दिसतात, आणि हा अंगठा पाठवतो. त्यांच्या आईने शेणाने सारवलेलं खळं होतं ते, तांदूळ सांडला तर वेचून खावा असं.

असो. मठाचं पुढे ऐका. १९३१ ला दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. १९३८ ला आणखी काही. राहिलं ते आता पुरातत्त्ववाले सांभाळतात. १९८९ पासून उकरून, साफ करून हे सगळं वर काढलंय. आता गवतसुद्धा कापलेलं असतं. युनेस्कोच्या यादीत आहे १९८६ पासून, जुन्या गोव्यातली चर्चं नि मठ एकत्र. सोय चांगली आहे, सावली सोडून.

आता खरी गोष्ट. त्या पडझडीत एक राणी होती, माई.

काय सांगतंस म्हणू नका, खरंच. जॉर्जिया म्हणून देश आहे, रशियाच्या खाली, डोंगराळ. तिथली केतेवान राणी. इराणच्या शाह अब्बासाने तिला शिराझला अडकवून ठेवली, दहाएक वर्षं. धर्म बदल म्हणाला. ती नाही म्हणाली. १६२४ ला तिला हाल हाल करून मारलं. कसं ते नाही सांगत, तुम्ही अजून चहा घेतला नसेल. तेव्हा शिराझला हेच ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिच्या अस्थी जपून ठेवल्या, त्यातल्या काही १६२७ ला गोव्याला आणल्या आणि या मठात दगडी पेटीत ठेवल्या. साधूंनी लिहूनही ठेवलं होतं कुठे ते. चॅप्टर चॅपेल म्हणून दालन, त्याच्या दुसऱ्या खिडकीत.

दुसऱ्या खिडकीत! आपली आजी सांगायची ना, किल्ली दुसऱ्या कोनाड्यात आहे, तसं. पण भिंतच पडल्यावर पहिली खिडकी कुठली आणि दुसरी कुठली? तिकडून माणसं आली शोधायला, तेव्हा तर जॉर्जिया सोव्हिएत संघात होता. वर्षानुवर्षं शोध चालला. तिकडे ती संत झालेली, शाळेच्या पोरांनासुद्धा तिचं नाव ठाऊक, आणि तिची हाडं आपल्या चिऱ्यांच्या ढिगाखाली. शेवटी उकरताना हाडं मिळाली, पण एकाची नव्हेत, साधूंचीही होती. मग हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेत डीएनए तपासला. एका तुकड्यात आईकडून येणारी अशी खूण सापडली, जी तपासलेल्या भारतीयांत नव्हती आणि जॉर्जियाच्या लोकांत होती. म्हणजे माहेर कळलं तिचं! आधी काही महिन्यांसाठी म्हणून २०१७ ला त्या अस्थी तिकडे दर्शनाला नेल्या, आणि २०२१ च्या जुलैत आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः घेऊन गेले आणि देऊन आले.

चारशे वर्षांनी माहेरी पोचली, माई. मी तिथे उभी राहून विचार करत होते, साधू गेले, छत गेलं, अर्धा मनोरा गेला, सरकारं किती आली नि गेली, आणि ही पेटीतली बाई तेवढी थांबून राहिली. भाचेसून तोपर्यंत वर आली होती. तिला सांगितलं तर तिचे डोळे भरले. मग तिने त्याच डोळ्यांनी रील केलं. केलं तर केलं. निदान त्या राणीबद्दल बोलली तरी, त्या छपराबद्दल नाही.

जेवलो खाली झाडाखाली. भाच्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. बिलाचं नावही काढलं नाही.

येताना ह्यांनी रस्ता बदलायला लावला. भाच्याचा मॅप म्हणत होता आल्या वाटेने परत, हे म्हणाले नदीतून. शेवटी गाडी फेरीबोटीवर चढवली. व्हाइसरॉयच्या कमानीखालून जायचं, वर वास्को द गामा दगडाचा उभा, त्याच्या पणतवाने बसवलेला, आणि खाली आपण डबा धुवायला पाणी शोधतोय. पलीकडे दिवाडी बेट. काय शांत गाव! शेतं, जुनी घरं, आणि गिलावा केलेली हो, निळी, पिवळी. तिथेच तो पोदेर भेटला, सायकलला टोपली, भोंपू वाजवत. त्याचेच हे उंडे.

दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला परत फेरीबोट, की डिचोलीतलं नार्वे. सप्तकोटेश्वर. कदंब राजांचा देव. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, ते पोर्तुगीजांनी मोडलं. मग देव नदीपार नेला, आणि १६६८ ला शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं. दारावर शिलालेख आहे. आता नव्याने दुरुस्ती झालीय, २०२३ ला उद्घाटन झालं. गाभाऱ्यात गारवा असा, की ह्यांचा गुडघासुद्धा गप्प.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. त्यांनी आपलं मोडलं, देवान त्यांचं मोडल्यान. भाचाही तेच म्हणाला गाडीत. मला नाही हो पटत. देऊळ मोडणारे पंधराशे साठच्या आसपासचे. मठ बंद करणारे पावणेतीनशे वर्षांनंतरचे, आणि तेही त्यांच्यातलेच. हिशेब फेडायला देव इतका वेळ लावत असेल तर तो आपल्या कोर्टात बसत असणार. आणि ते चिरे कुणी डोक्यावरून वाहिले असतील? पाथरवट कोण, गवंडी कोण? त्या मनोऱ्यात पुष्कळ हात इथलेच असणार. भाचा गप्प बसला. हे हसले. मी जिंकले असं मी धरलं.

तेवढ्यात माई, डिचोली सोडली आणि वळीव आला. आणि छप्पर मिटेना! बटण दाबतो, अर्धं येतं, परत उघडतं. खाचेत आंब्याचं पान अडकलेलं, ते नंतर कळलं. दोडामार्गापर्यंत आम्ही गाडीत छत्री उघडून. ह्यांची ती लांब दांड्याची काळी छत्री गाडीतून वर निघालेली, आणि मागून येणारा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून हसतोय. हे म्हणाले, भाच्या, मिरगाच्या आधी छप्पर परतायला माणूस सांगून ठेव. भाचा अजून बोलत नाहीये त्यांच्याशी.

अरे हो, माणसावरून आठवलं. तो कौलांचा गडी तुमच्याकडे कधी येतोय? बुधवारी? मग तुमचं झालं की दुसरीकडे पाठवू नका, थेट माझ्याकडे. माझ्या पडवीवर सहा-सात मंगळुरी कौलं फुटलीत. आणि मी काय म्हणते, आलाच आहे तर त्याला पलीकडेही एकदा शिडी लावायला सांगू या का? रिपा उघड्या पडल्यात तेवढ्यापुरतं. पैशाचं आपण दोघी बघू. थोरल्याला फोटो पाठवीन मी. अंगठा तरी येईल.

हो, त्यांना राग येईल. येऊ दे. फणसावर आपला हक्क सांगत नाही ना आपण. एक घेऊ. कापा असेल तो.

जाऊ दे, चला, दूध उतू जायचं माझं. आणि ते उंडे आजच संपवा हं माई, उद्यापर्यंत ठेवलेत तर गडग्यात बसवावे लागतील.